आमच्या माघारी

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

आज जागतिक मानसिक आरोग्य दिन. दुपारी डेक्कनजवळच्या एका महाविद्यालयात बोलायला गेले होते. मुलं मोकळेपणानं बोलली. पॅनिक अटॅक, डिप्रेशन, समुपदेशकाकडे जायचंय हे घरी कसं सांगायचं, सगळं भर वर्गात विचारलं. मी कर्वे समाज सेवा संस्थेत शिकत होते तेव्हा आम्ही मैत्रिणीसुद्धा आपापसात एवढं बोलत नव्हतो. फार बरं वाटलं.

सगळे पांगल्यावर एक मुलगी मागे राहिली. "मॅडम, माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. आई-बाबांनंतर तो माझ्याकडेच येणार ना?" आवाजात तक्रार नव्हती. नोकरी कुठे घ्यायची, लग्न करायचं का, पुणं सोडायचं का, असा सगळा हिशेब तिनं मनाशी मांडून झाला होता आणि प्रत्येक वेळी तो दादापाशी येऊन अडत होता. वय असेल एकोणीस-वीस.

हा प्रश्न मी आजवर आई-वडिलांच्या तोंडून ऐकत आले. 'आमच्या माघारी याचं काय?' मानसिक आजार असलेल्या घरांसाठीच्या आमच्या स्वमदत गटात नवे पालक येतात, ते आधी औषधांबद्दलच बोलतात. वजन वाढतंय, दिवसभर झोपून असतो, क्लोझापीन सुरू केल्यापासून दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, गोळी जिभेखाली धरून नंतर बेसिनमध्ये टाकतो. मग केव्हातरी, गट संपल्यावर, चपला घालताना हा प्रश्न बाहेर येतो. डॉक्टरांसमोर तो सहसा निघत नाही. तिथली वेळ लक्षणं सांगण्यातच संपते. आज मागे वळून पाहताना वाटतं, निवेदनं, मसुद्यांवरच्या बैठका, सरकारी कार्यालयांतले हेलपाटे, शाळांमधली व्याख्यानं, हे सगळं मी केलं ते या एका प्रश्नासाठी.

मी कामाला लागले तेव्हा बऱ्याच घरांकडे याचं एकच उत्तर होतं: येरवडा. किंवा ठाणे, नागपूर, रत्नागिरी. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं ही चारच. मनोरुग्णांबाबतचा इंग्रजांच्या काळातला १९१२ चा कायदा आम्हाला अभ्यासाला होता; १९८७ मध्ये संसदेनं नवा केला, पण तो लागू व्हायला एप्रिल १९९३ उजाडला. मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं माणूस दाखल व्हायचा. बरा झाल्यावर घरी जाणं मात्र प्रत्यक्षात नातेवाइकांच्या मर्जीवर असायचं. पत्रं परत यायची. पत्त्यावर दुसरंच बिऱ्हाड असायचं.

अशीच वर्षानुवर्षं आत राहिलेल्या एका बाईंबरोबर मी मंडईत गेले होते. आजार कधीचाच आटोक्यात आला होता, न्यायला कुणी आलं नव्हतं एवढंच. त्यांनी चार आण्यांची कोथिंबीर मागितली. पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्येच चलनातून गेलेलं. भाजीवाल्या मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, काही न विचारता जुडी पिशवीत घातली आणि सावकाश म्हणाल्या, "दहा रुपये झाले, आक्का." बाईंनी नोट उलटसुलट करून पाहिली, दिली, आणि पुढच्या गाळ्यावर लिंबांचा भाव स्वतः विचारला. त्या आता आणखी तिघींबरोबर भाड्याच्या घरात राहतात. एक कार्यकर्ती रोज येऊन जाते, गोळ्यांकडे लक्ष ठेवते. स्वयंपाकाच्या पाळ्या ठरल्या आहेत, त्यावरून भांडणंही होतात. मला पुनर्वसन म्हणून जे हवंय ते हेच. त्याला फार मोठी इमारत लागत नाही. चांगला घरमालक, नियमित पगार मिळणारी कार्यकर्ती आणि जवळपास बाह्यरुग्ण विभाग एवढं लागतं.

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवत त्या खाजगी निवासात, आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. त्या दिवसानंतर आमच्या गटात कितीतरी दिवस कुणाला नीट बोलता येत नव्हतं. बाहेरचे लोक म्हणत होते, कसले हे नातेवाईक! गटातल्या आया मात्र गप्प होत्या. माणूस तिथे नेऊन ठेवण्याआधी त्या घरांनी काय काय करून पाहिलं असेल, याचा अंदाज त्यांना होता. देवऋषी, बाहेरचं झालंय म्हणून उतारे, 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' हा सल्ला. हा शेवटचा सल्ला अजून दिला जातो, आणि त्यात एका परक्या मुलीचंही आयुष्य होरपळतं. तो ऐकला की अजूनही माझा संताप होतो.

मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या मसुद्यात आपल्या पुण्यातल्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राचा मोठा वाटा होता, याचा मला अभिमान आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, हे त्याचं ११५ वं कलम पुष्कळांना माहीत असतं. मी पालकांना आधी १९ वं वाचून दाखवते. घरच्यांनी स्वीकारलं नाही, घरच नाही किंवा वस्तीत सोयी नाहीत, एवढ्या कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असं ते सांगतं. आणि अर्ध्या वाटेवरची निवासस्थानं (रुग्णालयातून निघाल्यावर काही काळ राहण्याच्या जागा), आधारासह राहण्याची घरं देणं हे सरकारचं काम असल्याचं १८ वं कलम सांगतं. प्रत्यक्षात अशी घरं अजून बोटांवर मोजावी लागतात. महिन्याचं शुल्क पेन्शनीत बसत नाही, म्हणून खाजगी जागाही मिळत नाही. या शहरात प्रत्येक प्रभागात असं एक घर हवं. मी ही मागणी करत राहणार आहे. निवृत्त झाले म्हणून तिची निकड कमी होत नाही.

याच कायद्यात आगाऊ निर्देशाची तरतूद आहे. बरं असताना माणसानं लिहून ठेवायचं: आजार उलटला तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका. निर्णयात मदत करायला प्रतिनिधी कोण, हेही त्यालाच ठरवता येतं. गटातल्या एका शुभार्थीबरोबर (आजारातून जाणाऱ्या माणसाला आम्ही शुभार्थी म्हणतो, सांभाळणाऱ्याला शुभंकर) मी असा कागद लिहायला बसले होते. वय चाळिशीच्या पुढे, आजार कॉलेजात असताना सुरू झालेला. मला वाटलं, औषधांची नावं सांगेल. तो म्हणाला, "लिहा, माझा चष्मा काढून घेऊ नका. दिसलं नाही की मला जास्त भीती वाटते." मग बराच वेळ विचार करून, "इंजेक्शन द्या, पण आधी सांगा." आणि प्रतिनिधी म्हणून त्यानं भावाऐवजी शाळेतल्या मित्राचं नाव दिलं. शेजारी बसलेल्या आईला ते लागलं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोन मिनिटांनी तीच म्हणाली, "त्याचा नंबर माझ्याकडे आहे, थांबा."

'माघारी काय' याची चर्चा बहुतेक घरांत ज्याच्याबद्दल आहे त्याला आतल्या खोलीत पाठवून होते. आता दिवाळी तोंडावर आली आहे, पाहुण्यांसमोरही तेच होईल. कोथरूडच्या जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून तर मी हे फार पाहते. नव्या फ्लॅटच्या कागदांवर एका भावाचं नाव येतं, दुसऱ्याचं येत नाही, 'त्याला काय कळतंय' म्हणून. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस कायद्यानं अक्षम ठरत नाही. ते ठरवायचा अधिकार न्यायालयाचा आहे. गटात आलेल्या वकिलांना मी हे दर वेळी मोठ्यानं सांगायला लावते.

त्या मुलीला मी म्हटलं, दादा तुझ्याकडेच येणार असं काही लिहून ठेवलेलं नाही. पण ठरवायला आत्ताच बसा, आई-बाबा हिंडते-फिरते असताना, आणि दादाला बसवून. त्याला कुठे राहायला आवडेल ते आधी त्याला विचारा. मग मृत्युपत्र, बँक, औषधांची फाईल कुठे असते ते. तुला किती जमेल हे तूही स्पष्ट सांग. बहिणीनं नाही म्हणणं हा गुन्हा नाही. ती म्हणाली, "त्याला कुणी कधी विचारलंच नाही." गटाचा पत्ता घेऊन गेली.

रात्री खडकीच्या आजोबांचा फोन आला. ते दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले, मुलगा पन्नाशीला टेकलाय, आजारामुळे कमावता नाही. केंद्राच्या नियमांत अशा अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं आणि आई-वडील असतानाच पेन्शनच्या आदेशात त्याचं नाव घालून घेता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी व्हायच्या आत हे उरकायचं आहे. मुलाचं अपंगत्व प्रमाणपत्र, पेन्शनचा आदेश, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा म्हटलं. सोमवारी दहाला आम्ही तिघं जातोय. मुलगा येणार आहे ना, असं मी दोनदा विचारून घेतलं.