प्रकाशन समारंभानंतरचे पुस्तक

नागपुरात नव्या मराठी पुस्तकांचे प्रकाशन समारंभ वर्षभर सुरू असतात. कधी झाशी राणी चौकातील विदर्भ साहित्य संघाच्या संकुलात, कधी शंकरनगरच्या राष्ट्रभाषा संकुलातील बाबुराव धनवटे सभागृहात, तर कधी एखाद्या महाविद्यालयात, आपल्या भागातील लेखकांचे कवितासंग्रह, कथासंग्रह आणि आत्मकथने लोकांसमोर येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते आणि त्यानंतर ते पुस्तक विकत घ्यायचे म्हटले, तर कुठे मिळेल हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. मला या नंतरच्या काळाविषयी लिहायचे आहे.

नव्या लेखकाचे पहिले पुस्तक अनेकदा त्याच्याच खर्चाने निघते. काही शे प्रतींची आवृत्ती असते, त्यांतल्या बऱ्याच प्रती 'सप्रेम भेट' म्हणून वाटल्या जातात आणि उरलेले गठ्ठे लेखकाच्या घरी पलंगाखाली राहतात. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या एका ठेल्यावर मला असाच एक कवितासंग्रह मिळाला. आतल्या पानावर निळ्या शाईत 'आदरणीय सरांना सविनय सादर' असे लिहून खाली सही केलेली होती, आणि पुस्तक उघडल्याची एकही खूण नव्हती. कवी उमरेडकडचा होता. पावसाळ्यात कोळशाच्या खाणीतले पाणी उपसणाऱ्या पंपाचा आवाज रात्रभर घरात ऐकू येत असतो आणि तो मध्येच थांबला की खाणकामगाराची बायको दचकून जागी होते, एवढेच सांगणारी जेमतेम बारा ओळींची एक कविता त्यात आहे. आवाज थांबल्यावर जाग येणे हे त्या वस्तीत राहिलेल्या माणसालाच सुचावे. ही कविता ज्यांना भेट मिळाली त्यांनी वाचली नाही आणि ज्यांनी वाचली असती त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आशा बगे यांना २००६ साली आणि कवी ग्रेस यांना २०११ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळ्या शहराला अभिमान वाटला. दोघेही नागपूरचे, परंतु त्यांची पुस्तके मुंबईच्या मौज आणि पॉप्युलर या प्रकाशनसंस्थांनी काढली आणि त्या संस्थांच्या वितरणामुळे ती राज्यभर गेली. गोंदिया किंवा गडचिरोलीच्या नव्या लेखकाला हा मार्ग सहज मोकळा होत नाही. सीताबर्डीवरील विजय प्रकाशन किंवा साहित्य प्रसार केंद्र यांच्यासारख्या इथल्याच मंडळींनी इतकी वर्षे वैदर्भीय पुस्तके काढली आणि विकली, हे मोठेच काम आहे. पण मागणी वाचकांकडून आली नाही, तर दुकानदार तरी किती पुस्तके किती दिवस मांडणीवर ठेवणार?

ग्रंथ जतन करण्याचा प्रश्न यापेक्षाही गंभीर आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. यांतले एकही ग्रंथालय विदर्भात नाही, आणि स्वतःच पुस्तक काढणारा लेखक या प्रती पाठवतोच असेही नाही. त्यामुळे भंडाऱ्याला छापलेली झाडीबोलीतली कादंबरी तीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला हवी असेल, तर ती इथल्याच सार्वजनिक वाचनालयात असायला हवी. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने शंभर वर्षे पूर्ण केली आणि त्या निमित्ताने २०२३ मध्ये वर्ध्याला शहाण्णवावे अखिल भारतीय साहित्य संमेलन झाले. अशा उत्सवांचा आनंद मलाही आहे, परंतु लहान गावांतली पुस्तके नियमाने जमवून ठेवणे मला अधिक निकडीचे वाटते.

पुस्तके आणि वाचक यांची गाठ कशी पडते, हे पाहायचे असेल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ येणारे लोक खेड्यापाड्यांतून प्रवास करून येतात आणि परतताना पिशवीत पुस्तके नेतात. मोठ्या ग्रंथांच्या शेजारी स्वल्प किमतीच्या पुस्तिका मांडलेल्या असतात आणि काही दुकानांवर लेखक स्वतःच उभे असतात. तिथे वाचक पुस्तक उघडतो, चार ओळी वाचतो, किंमत विचारतो आणि पटले तर पैसे मोजतो. त्याला कोणी निमंत्रणपत्रिका पाठवलेली नसते.

समारंभांत होणाऱ्या भाषणांविषयीही बोलायला हवे. पहिल्या पुस्तकाला पंधरा-वीस पानांची प्रस्तावना आणि व्यासपीठावरून भरभरून स्तुती मिळते, पण कोणती कथा फसली आणि का फसली, हे लेखकाला कोणी सांगत नाही. वऱ्हाडीत लिहिलेले संवाद कुठे जिवंत आहेत आणि कुठे केवळ गंमत म्हणून घातले आहेत, हे ती बोली घरात बोलणारा वाचकच ओळखू शकतो. त्याने लेखकाला एक पत्र लिहिले, तरी पुढचे पुस्तक सुधारते.

पुढच्या वेळी प्रकाशनाला गेलात, तर दाराशी मांडलेल्या टेबलावरून दोन प्रती विकत घ्याव्यात आणि त्यांतली एक आपल्या वाचनालयाला द्यावी. जे समारंभाला जात नाहीत, त्यांनी वाचनालयाच्या मागणी वहीत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहावे. मी त्या उमरेडच्या कवीचे नाव आमच्या वाचनालयात लिहून आलो आहे आणि ग्रंथपालांनी त्याच्या दुसऱ्या संग्रहाची चौकशी सुरू केली आहे.