आयर्विनला पाणी किती?

“दर दोन-चार वर्षांनी पुरात बुडता, तरी सांगली सोडत का नाही?” पुण्या-मुंबईचे पाहुणे हे हमखास विचारतात, तेही आमच्याकडच्या भडंगाची दुसरी वाटी संपवता संपवता. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पण आधी एक दुरुस्ती. सगळी सांगली कधीच बुडत नाही. कुठली गल्ली किती फुटाला बुडणार, हे आम्हाला पाठ असतं.

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की टपरीवर चहा सांगायच्या आधी माणूस विचारतो, “आयर्विनला किती?” ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे झालं सरकारी. आमचं कोष्टक त्याहून बारीक आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर इथली माणसं इशाऱ्याची वाट न बघता गठुडी बांधतात. मग मारुती चौकाची पाळी. हरभट रोडवर खालच्या फळीवरचा माल माळ्यावर चढायला लागला, की घरी फोन करायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये हे कोष्टकच वाहून गेलं. २००५ चा पूर बघितलेल्यांनी त्या वेळच्या खुणेच्या हातभर वर सामान रचलं होतं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, सामान भिजलंच. आमच्या गावभागातल्या घरात चिखल काढताना गव्हाच्या पोत्याला मोड आलेले दिसले. तो आंबूस वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

पण नदीनं बुडवलं तसं वसवलंही तिनंच. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. गणपती मंदिर त्यांचंच. त्यांच्याच आश्रयानं १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं आणि आम्हाला नाट्यपंढरी म्हणवून घ्यायला निमित्त मिळालं.

हळदीची पेठ मोठी झाली ती हरिपूरच्या पेवांच्या जोरावर. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनीत खोल पेवं खणायची, हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. आत हवा नसल्यानं कीड जगत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. त्याच कारणानं पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही. घाई केली तर जीव जातो. २००५ च्या पुराचं पाणी या पेवांत शिरलं आणि हळदीसकट कित्येक पेवं गेली. आता माल गोदामात आणि शीतगृहात असतो. सोय आहे, पण त्याचं भाडं मोजावं लागतं.

मला राग नदीचा येत नाही. जुनं गाव उंचवट्यावर होतं आणि पाणी पसरायला खाली मोकळं रान होतं. शहर वाढलं तशी ती राने ‘प्लॉट’ झाली, नाले आणि ओत, म्हणजे पुराचं पाणी पसरायच्या सखल वाटा, बुजले. १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली, तरी सखल भागातली बांधकामं थांबली नाहीत. स्वस्त मिळतं म्हणून घेणाऱ्याला काय बोलणार? पूर आला की आम्ही कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोटं मोडतो. तो वाद ज्याचा त्यानं घालावा, पण बुजवलेला ओत अलमट्टीनं बुजवलेला नाही.

तर, सोडत का नाही? ज्यांना जमलं ते सांगलीतल्याच, नदीपासून लांबच्या विश्रामबागेकडे सरकले. माझा भाऊही गेला. मी राहिलो, कारण दुकान इथे, गिऱ्हाईक इथे, आणि हे घर विकायला काढलं तर पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. फ्रीज आणि कागदपत्रं कायमची वरच्या मजल्यावर नेलीत. खाली लोखंडी कॉट आणि सायकली. कृष्णाकाठची वांगी खायची असतील तर हिवाळ्यात या. पुरानं आणलेल्या मळीत पिकतात ती.