रणजीची फायनल आणि तुरीची कोठी

२६ फेब्रुवारी २०२५. महाशिवरात्र, म्हणून घरात साबुदाणा, आणि तिकडे नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ विरुद्ध केरळ, रणजीची फायनल. बाबा त्या दिवशी वावरात गेलेच नाहीत. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. टीव्ही दिवाळीत घेतलेला, फायबरचं कनेक्शन त्याच्या थोडं आधीचं.

मामा जामठ्यात, प्रत्यक्ष मैदानावर. त्याचा फोन आला, "भाऊजी, तिसरा गेला! २४ वर ३!" आमच्या टीव्हीवर बॉलर धावत येता येता मध्येच थांबलेला, आणि त्याच्या छातीवर तो लोडिंगचा गोल फिरत होता.

"काय करून राहिला बे हा?" बाबा म्हणाले. घरातल्या सगळ्यांचं एकच उत्तर: नेट स्लो असंल. मलाही तेच वाटलं. फायबरवाल्या पोराला फोन केला. सणाचा दिवस असूनही तो आला. त्याने पिवळी वायर काढून तिच्यातला प्रकाश मोजायच्या मशीनला लावली, उणे १९ आलं. "लाइट एक नंबर हाये दादा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर स्पीड पाहिला, ४८ एमबीपीएस. प्लॅन ५० चा. म्हणजे घरापर्यंत नेट नीट येत होतं.

मग ॲपच्या कस्टमर केअरला फोन. पलीकडच्या मुलीने राउटर बंद-चालू करायला लावला, ॲप काढून परत टाकायला लावलं आणि शेवटी "सर, एकदा नेट चेक करून घ्या" म्हणाली. गोल फिरतच राहिला.

खरी दिशा भाच्यामुळे सापडली. त्याने कंटाळून त्याच ॲपवर जुन्या मॅचचे हायलाइट्स लावले. ते एकदाही अडकले नाहीत. आधी मला हे उलटंच वाटलं. पण विचार केला तर सरळ आहे. रेकॉर्ड केलेलं असलं की टीव्ही पुढचं बरंच आधीच ओढून ठेवतो, मध्ये नेट लचकलं तरी कळत नाही. लाइव्हमध्ये पुढचा बॉल अजून पडलाच नाही, तर साठवणार काय? हाताशी फक्त काही सेकंदांचा साठा. तेवढा संपला की गोल. म्हणजे नेट नव्हतं असं नाही, ते टीव्हीपर्यंत येता येता कुठंतरी गळत होतं.

मोबाइल घेऊन घरभर फिरलो. राउटरजवळ ४८. माजघराच्या दारात ११. टीव्हीसमोर २, कधी ३. एचडीला निदान ५ तरी लागतो. मध्ये दीड हात जाडीची मातीची भिंत, आणि भिंतीला टेकून जानेवारीत ठेवलेली पत्र्याची नवी कोठी. दिवाळीपासून टीव्ही बरा चालत होता आणि संक्रांतीनंतर रडू लागला होता, ते का, हे तेव्हा लक्षात आलं. पत्रा वायफायच्या लहरी पार जाऊ देत नाही, परत फिरवतो. टीव्ही आणि राउटरच्या बरोबर मध्ये आमची यंदाची तूर उभी होती.

"बाबा, कोठी सरकवायची का?"

"भरली हाये ते. तूच सरकव, पाह्यतो मी."

राउटर वायफायची दोन नावं दाखवतो, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं. टीव्ही ५जीवर जोडलेला होता, कारण मीच 'मोठं ते चांगलं' म्हणून जोडला होता. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण भिंतीपुढे लवकर हार खातं, २.४ दूरवर जातं. साध्या नावावर टाकल्यावर चित्र चालू लागलं, पण खेळाडूंचे चेहरे पिठात बुडवल्यासारखे. दानिश मालेवारचं शतक आम्ही असंच पाहिलं.

रात्री लाइट गेली. २७ ला सकाळी ॲप उघडेचना, नुसती एरर. मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन पाहिला, तरी तेच. म्हणजे दोष आता राउटरचाही नाही, टीव्हीचाच. सेटिंगमध्ये सहज तारीख दिसली: १ जानेवारी २०१८. लाइट गेल्यावर घड्याळ मागे गेलं होतं, आणि 'आपोआप वेळ' कुणीतरी बंद केलेलं. तारीख चुकली की सर्व्हरची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं टीव्हीला खोटी वाटतात आणि तो जोडणीच नाकारतो. बटण चालू केलं, मिनिटात ॲप सुरू. त्या मुलीने फोनवर तारीख विचारली असती तर!

वायफायचा नाद सोडून, राउटर थेट टीव्हीला जोडायला दारव्ह्याहून १५ मीटर लॅनची केबल आणली. उंदरांची भीती होती. घरात कापूस साठवलेला, तिथे ते कमी नसतात. ठिबकची जुनी १६ मिलीमीटरची लॅटरल, म्हणजे नळी, पडली होती. ती विळ्याने उभी चिरली, आत केबल बसवली आणि कवेलूखालच्या लाकडावरून कोठीच्या वरून नेली.

"उंदरं थे नळीही खातेत," बाबा म्हणाले. ते खोटं नाही, वावरात पाहिलंय. पण निदान आधी नळी तरी खातील.

२८ ला केरळचा कप्तान ९८ वर बाद झाला, विदर्भाला ३७ ची आघाडी मिळाली, १ मार्चला करुण नायरचं शतक झालं, आणि गोल एकदाही आला नाही. फक्त मधे टीव्ही थांबवून बाबा चहाला उठले की परत आल्यावर तिथूनच पुढे पाहत बसायचे. खाली 'लाइव्ह'चं बटण दाबून पुढे यावं लागतं, हे त्यांना दोनदा सांगितलं.

मामाचा फोन मात्र केबलनेही हरवता आला नाही. मैदानातलं चित्र तुकडे होऊन, सर्व्हरवरून आमच्यापर्यंत यायला अर्धं मिनिट घेतंच. २ मार्चला दुपारी नळकांडेचं अर्धशतक झालं आणि फोन वाजला. बाबांनी उचलला, पलीकडून नुसता आरडाओरडा.

"सांगू नको काही," बाबा म्हणाले, "आमच्या इथं अजून खेळून राह्यले," आणि फोन उशीखाली ठेवला.