अफरवाटवर ऊन पडलं ती सकाळ

बर्फ थांबला आणि सकाळी खिडकीतून गुलमर्गचा अफरवाट डोंगर अख्खा दिसला. आदल्या दिवसांत गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, वरचा टप्पा बंदच होता, त्यामुळे हॉटेलात बूट चढवायची एकच गडबड उडाली. निळं आभाळ, ताजा भुसभुशीत बर्फ, एकही रेघ न उमटलेले उतार. लोक हिवाळ्यात गुलमर्गला येतात ते अशा सकाळसाठी, आणि हिमस्खलनाचा धोका नेमका अशाच सकाळी फार मोठा असतो. नवा बर्फ खालच्या थराला अजून धरलेला नसतो. वाऱ्याने धारेपलीकडचा बर्फ उचलून अलीकडच्या आडोशाला रचलेला असतो. त्यावर ऊन पडतं आणि सगळ्यांचा धीर वाढतो.

गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. गोंडोला आधी कोंगडोरीला आणि तिथून जवळजवळ ३९५० मीटरवर, अफरवाटच्या खांद्यावर नेऊन सोडतो. सह्याद्रीत घाम गाळत चढताना डोंगर हळूहळू कळत जातो. इथे काही मिनिटांत दार उघडतं आणि आपण थेट स्खलनाच्या मुलखात उभे! गोंडोलाखालचा ठरावीक पट्टा स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारं पथक, तपासतं, गरज पडली तर स्फोटकं लावून बर्फ आधीच पाडतं. त्या पट्ट्याबाहेर गेलात की जबाबदारी तुमची.

१ फेब्रुवारी २०२३ला अफरवाटच्या हापतखुड भागात हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. २२ फेब्रुवारी २०२४ला खिलनमर्गच्या बाजूला एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्याच खिलनमर्गजवळ ८ फेब्रुवारी २०१०ला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान दगावले. बर्फात राहायचं शिक्षण घेणारी माणसं होती ती.

आमचा गाइड तंगमर्गचा. त्याने आम्हाला कोंगडोरीजवळ झाडांच्या कडेला नेलं आणि मंद उतारावर फावड्याने खड्डा खणायला लावला. भिंत नीट तासली तेव्हा थर दिसले: वर नवा बर्फ, त्याखाली वाऱ्याने दाबलेला घट्ट थर, आणि तळाशी साखरेसारखे सुटे, खरखरीत दाणे. मुठीत घेतले तर गोळा होईना. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस. त्या काळात बर्फ पातळ असेल तर जमिनीची ऊब आणि वरची थंडी यांच्यामधल्या फरकाने बर्फातली वाफ वर सरकते आणि तळाचे कण असे सुटे होतात. पुढे त्यावर मोठा बर्फ पडला की वजन पेलायला खाली काही नसतं. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचं मैदान कोरडं पडलं होतं, तेव्हा पर्यटक हळहळले. जाणते लोक अशा कोरड्या जानेवारीनंतरच्या फेब्रुवारीला जास्त घाबरतात.

मग त्याने बर्फाचा एक खांब सुटा केला, वर फावडं ठेवलं आणि हाताने थापट्या मारायला लागला. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून. कोपराच्या थापट्या संपायच्या आतच वरचा भाग अख्खा, फळीच्या फळी, सरकून पुढे आला. गाइड एवढंच म्हणाला, "ऊपर नहीं जाएँगे।"

आमच्यातला एक जण कुरकुरला. समोरच्या उतारावर तोवर कुणाच्या तरी स्कीच्या रेघा उमटल्या होत्या. ते गेले ना सुखरूप? यावर गाइडने शांतपणे समजावलं, आणि हे प्रत्येकाने ऐकावं असं मला मनापासून वाटतं: आधीचे चार जण जाड थरावरून निघून जातात आणि पाचव्याची स्की थर पातळ असलेल्या जागी पडते. माणसं सापडतात त्या बहुतेक स्खलनांत फळी सुटते ती त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने. बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि स्कीला मजा येते तीही तिथेच.

दुपारपर्यंत बीकन शोधायचा सराव केला; बीकन म्हणजे अंगावर बांधायचं छोटं रेडिओ यंत्र, ज्यावरून बर्फाखाली गाडलेला माणूस शोधता येतो. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतं; मोबाइल जवळ असला की त्यात गडबड होते, म्हणून शोधताना फोन लांब ठेवायचा. बीकनवरचा अंतराचा आकडा सर्वांत कमी येईल तिथे प्रोबची सळई उताराला काटकोनात खुपसायची, लागली की तशीच ठेवायची, आणि खणायचं ते उताराच्या खालच्या बाजूने. पुरलेलं बीकन सापडलं पटकन, खणायला मात्र फार वेळ गेला. खरा माणूस असता तर? पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगायची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने ढासळते. बाहेरून मदत तेवढ्यात येत नाही. सोबत्यांच्या पाठीवर फावडी हवीत आणि ती चालवायची सवयही हवी.

नंतर बाबारेशीच्या दिशेने दाट रानातल्या मंद उतारांवरून उतरलो. घळी टाळल्या, कारण वरून थोडासा बर्फ आला तरी घळीत तो खोल साचतो. मोकळी जागा आली की एकेक जण पलीकडे जायचा, बाकीचे आडोशाला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायचे. उतरण सुरेख झाली.

तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं रोजचं हिमस्खलन पत्रक बघा. पण ते जिल्ह्यासाठी असतं, तुमच्या उताराचा निवाडा त्यात नसतो. स्की पेट्रोलला जाऊन विचारा. परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे गाइड नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायची वेळ येणार नाही.