बुडण्याआधीचं कोयना खोरं : चार शीट्सचा कोपरा जुळला

मंडळी, जुळलं! ४७ जी/९, १०, १३ आणि १४ ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांची चारही जुनी एक-इंची (मैलाला एक इंच) शीट्स आता संगमापाशी एकमेकांना धरून आहेत. तापोळ्याकडून बामणोलीकडे येताना कोयना शीटच्या कडेला तुटायची, ती आता सलग वाहते. सोळशी तिला मिळते ती जागा अखंड दिसली तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो.

हे जुने नकाशे आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचे, तर अडचण अशी होती. १७° ४५' अक्षांश आणि ७३° ४५' रेखांश या रेषा, म्हणजे शीट्सच्या कडा, नेमक्या खोऱ्यातच छेदतात. त्यात माझ्या प्रती कापडावर चिकटवलेल्या, घड्यांपाशी कापलेल्या, प्रत्येक तुकडा वेगळा आकसलेला. एव्हरेस्ट या जुन्या मोजणी-आधारावरून आजच्या, जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर आणूनही डोंगरमाथे जुळवले की खोऱ्याचा तळ सरकायचा. वर वासोटा किल्ला आहे, पण खाली जीसीपी (जुन्या नकाशावर आणि आज जमिनीवरही ओळखू येणारा जुळणीचा बिंदू) कशावर घ्यायचा? गावं, देवळं, पायवाटांचे फाटे, सगळं शिवसागरात, कोयना धरणाच्या तलावात. थिन प्लेट स्प्लाइननं (नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदूवर बसवणारी पद्धत) माथ्यांवरची चूक शून्य दाखवली आणि खाली नदी पार वाकडी केली. असल्या तुकड्यांना मी ते परत लावणार नाही. तुकडे आधी सुटे सरळ करायचे, मग पॉलिनॉमियल १, म्हणजे सरळ रेषा सरळच ठेवणारी साधी जुळणी. आणि स्कॅन फ्लॅटबेडवरच. रोलरमध्ये कापड ताणलं जातं.

वाट सापडली ती धरणाच्या पाण्यातच. तलाव भरला की पातळी साधारण २१६० फूट. नकाशावर दर ५० फुटांना समोच्च रेषा, म्हणजे २१५० ची रेषा हाच जवळपास आजचा काठ! ऑक्टोबरमधलं निरभ्र सेंटिनल-२ उपग्रहचित्र घेऊन काठ काढला. ओढ्यांच्या तोंडाशी जमीन सपाट, तिथे दहा फुटांचा फरक लांबवर पसरतो. म्हणून बिंदू घेतले ते डोंगराच्या उभ्या सोंडांवर. तिथे तो फरक रेषेच्या जाडीतच जिरतो, कारण ०.२ मिमीची रेषा जमिनीवर जवळजवळ १३ मीटर भरते.

आता वस्त्या रेखायला घेणार होतो. पण लिहितानाच सुचतंय, मे महिन्यात पाणी उतरलं की वरच्या अंगाला जुनं पात्र उघडं पडतं. त्या चित्रावर नदीची वळणं ताडून पाहिली, तर काठावर न विसंबणारी तपासणी होईल. तेव्हा वस्त्या थांबतील. विस्थापितांची कुटुंबं ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत पांगली आहेत. त्यांच्या घराचा ठिपका शेजारच्या शेतात पडलेला मला चालणार नाही.

४७ जी/११ किंवा १५ ची न कापलेली जुनी प्रत कुणाकडे असेल तर कळवा. हेळवाकपर्यंत उतरायचं आहे.