1972 ची प्यूजो पीएक्स-10 : हब ठरला

1972 ची प्यूजो पीएक्स-10 ही शर्यतीची फ्रेंच सायकल मी पुन्हा उभी करतोय. फ्रेम धुऊन-पुसून झाली, पांढऱ्या रंगावर नर्वेक्सच्या नक्षीदार लगची (नळ्या जोडणाऱ्या सांध्यांची) काळी कड पुन्हा उठून दिसायला लागली, हेडसेटमध्ये नवे छर्रे बसले आणि मग काम दोन महिने अडलं ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या, अॅक्सलवर फिरणाऱ्या भागावर. बाकी सायकल नशिबाने शाबूत आहे: रेनॉल्ड्स 531 च्या नळ्या, स्ट्राँगलाइटचा क्रँक, माफाकचे ब्रेक, सिम्प्लेक्सचे डिरेलर (गिअर बदलणारे). चाकं तेवढी आधीच्या मालकाने बदललेली. मागचा हब 126 मिमी रुंदीचा, म्हणजे सहा-सात गिअरच्या जमान्यातला, आणि तो 120 मिमीच्या फ्रेममध्ये रेटून बसवलेला. चाक काढलं तेव्हा मागचे काटे किंचित आत आले, ते हाताला जाणवलं.

स्टीलची फ्रेम आहे, फाकवून 126 करता येते, अगदी 130 सुद्धा. पण पन्नास वर्षं सरळ राहिलेली फ्रेम हबसाठी वाकवायची नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. त्यामुळे हब 120 चा, पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलचा (हबवर आट्यांनी चढणाऱ्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याचा) आणि 36 आऱ्यांचा. शिमानोचा फ्रीहब, ज्यावर कॅसेटच्या चकत्या सरकवून बसवतात, तो 1978 मध्ये आला, म्हणजे कॅसेटचा विचारच करायचा नाही.

आता खरी ओढाताण सांगतो. मनात होता कँपाग्नोलो रेकॉर्ड, मोठ्या फ्लँजचा (फ्लँज म्हणजे हबची आऱ्या अडकवायची कड). त्या हबच्या मधोमध तेलाचं बारीक भोक असतं आणि त्यावर फिरणारी पत्र्याची क्लिप. हब हातात घेतला की अंगठा आपोआप त्या क्लिपवर जातो. रेकॉर्ड हब 1958 पासूनचा, त्यामुळे 1972 च्या सायकलवर तो काळाला सोडून आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. त्या काळी शर्यतीत उतरणारा पोरगा पैसे साठवून पहिली चाकंच बदलायचा, हेही मला पटतं. जोडी मिळालीही. विकणाऱ्याने 1972 ची म्हणून सांगितलेली.

मागच्या हबचे चेकनट (अॅक्सलच्या टोकांवरचे, सगळं जागेवर धरणारे नट) भिंगाखाली धरले. त्यांवर कॅम असा शिक्का आणि त्यापुढे सालाचे दोन आकडे असतात. इथे आकडे होते 78. चेकनट नंतर बदललेला असू शकतो, एवढ्यावर हबचं वय ठरत नाही. पण सोबतच्या क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक आवळायच्या कळीचा) दांडा वाकडा होता, आणि कँपाग्नोलोचे वाकडे दांडे 1970 च्या दशकाच्या शेवटी आले, त्याआधीचे सरळ. दोन साक्षी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मी जोडी परत केली. हब उत्तम होता, एवढं मात्र लिहून ठेवतो. जुनी जोडी शोधत असाल तर चेकनट आणि दांडा दोन्ही बघा, नुसत्या हबच्या अंगावरून वय काढायला जाऊ नका.

या परत करण्यातून मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी काळाला शोभेल असा हब शोधत नव्हतो, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला हब शोधत होतो. एरोइकाला (जुन्या सायकलींच्या इटलीतल्या राइडला) जायचं असतं तर 1987 आधीची सायकल एवढी अट पुरली असती. माझा प्रश्न वेगळा आहे: ही सायकल कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पायात काय होतं? उत्तर नॉर्मंडी लक्स कॉम्पेटिशन, हेही फ्रेंच हब. सगळी सायकल फ्रेंच, आणि मधेच इटलीतल्या व्हिचेन्झाचे, कँपाग्नोलोचे दोन चमकते हब, हे आता डोळ्यांना खुपायला लागलं होतं.

नॉर्मंडीची जोडी मिळायला वेळ लागला नाही, पारखायला लागला. पहिली अडचण आट्यांची. फ्रीव्हीलचे फ्रेंच आटे 34.7 मिमी व्यासाचे आणि 1 मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). इंग्रजी आटे 1.37 इंच म्हणजे जेमतेम 34.8 मिमीचे, पण इंचाला 24. व्यासातला फरक झिजलेल्या हबवर व्हर्निअरने पकडायला जाऊ नका, आकडा फसवा येतो. आट्यांचं माप घ्या. दहा आटे मोजले तर फ्रेंचमध्ये बरोबर 10 मिमी भरतात, इंग्रजीत 10.6 च्या जवळपास. हबवर तेवढे आटे मोकळे नसतील तर पाच मोजून दुप्पट करा. माझा हब फ्रेंच निघाला, म्हणजे फ्रीव्हीलही फ्रेंचच लागणार. इंग्रजी फ्रीव्हील त्यावर सुरुवातीला दोन-तीन वेढे सहज जाईल आणि वाटेल की बसलं. पण हब अॅल्युमिनियमचा आणि फ्रीव्हील स्टीलचं. पहिल्या चढावर जोर लावला की आटे हबचे जाणार. कृपा करून हा प्रयोग कोणी करू नका.

मग मागचा हब उघडला. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट, पिवळसर, काडीने खरवडून काढावं लागलं. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्यावर छर्रे सुटे झाले: पाव इंची, एका बाजूला नऊ. कपांची (छर्रे बसतात त्या वाट्यांची) पाटी अजून आरशासारखी आहे, कारण कप सुदैवाने टिकले. कोनची, म्हणजे अॅक्सलवरून छर्ऱ्यांना दाबून धरणाऱ्या उतरत्या नटाची, गोष्ट वेगळी. बॉलपेनचं टोक छर्रे फिरतात त्या रेषेवरून हलकेच फिरवलं, तर उजव्या कोनवर दोन जागी टोक अडखळलं. डोळ्याला तिथे फक्त राखाडी ठिपका दिसतो, पण पेन खोटं बोलत नाही. असा कोन कितीही नीट बसवा, चाक खरखरतच राहतं. दुसऱ्या एका, फुटक्या फ्लँजच्या मागच्या हबमधला कोन त्याच आट्यांचा आणि त्याच उताराचा होता, तो लावला. छर्रे मात्र सगळे नवे घेतले. जुने-नवे मिसळले की भार मोठ्यांवरच येतो.

कोन कसण्याबद्दल एक सांगतो, कारण मी स्वतः इथे अर्धा दिवस घालवला. टेबलावर हब अगदी घट्ट, बिनहलणारा वाटेपर्यंत कसला, आणि फ्रेममध्ये लावून क्विक रिलीज आवळला तर जड फिरायला लागला. पोकळ अॅक्सल आवळला की किंचित दबतो आणि कोन आणखी आत सरकतात. म्हणून टेबलावर थोडी ढिलाई ठेवायची, इतकीच की दांडा आवळल्यावर ती नाहीशी होईल. चेकनट लावताना कोन फिरून जातो, तेव्हा कोनला पातळ पाना लावून धरा. मी चौथ्या वेळी जमवलं. आता अॅक्सल दोन बोटांत धरून फिरवला तर काही जाणवत नाही, नुसतं तेलकट मऊपण.

या नॉर्मंडीच्याही मोठ्या फ्लँजमुळे आऱ्या लहान लागतील, आधीच्या चाकाच्या आऱ्या वापरता येणार नाहीत. फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास दोन्ही बाजूंना तीन-तीनदा मोजून वहीत लिहिला आहे. रिम हातात आली की तिचा आतला व्यास घेतो, तीन क्रॉसने (प्रत्येक आरी तीन आऱ्यांना ओलांडते असं धरून) लांबी काढतो आणि आऱ्या मागवतो. चाकाचा आउट काढायला बसेन तेव्हा पुढची नोंद.