चाळिशीचं बोलावणं, लेस्टरहून

इकडे इंग्लंडात चाळिशी ओलांडली की एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, चेकअपचं बोलावणं येतं. ४० ते ७४ वयाच्या ज्यांना आधीच डायबेटीस किंवा हार्टचं काही नाही अशांना दर पाच वर्षांनी, फुकट. बीपी, कोलेस्टेरॉल, वजन, आणि रिस्क दिसली तर शुगर. "मला काही होत नाही तर कशाला जायचं" असं इथल्या आपल्या मंडळींनाही वाटतं, पण सुरुवातीला बहुतेकांना काहीच होत नसतं, म्हणून तर बोलावतात ना.

आपल्या भारतीय लोकांसाठी मापंही कडक. गोऱ्या माणसाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ पर्यंत चालतो, आपल्याला २३ लाच सावध करतात. कंबर पुरुषाची ९० सेंमी, बाईची ८०, त्यापुढे रिस्क वाढली. (पँटच्या साइझवर जाऊ नका हां, पट्टा पोटाच्या खालून जातो!) आपल्याकडे हातपाय बारीक आणि चरबी सगळी पोटावर, त्यामुळे कमी वजनातही शुगर वाढते.

आता गोव्याचं ऐका. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारताच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा, मोठा सर्व्हे आला, त्यात देशात डायबेटीस ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत वर. म्हणजे चार मोठ्या माणसांत एक. फोंड्याला फोन करून सांगितलं तर बाबा म्हणतात, "माझी नुसती बॉर्डरवर आहे, गोळी नाही दिलेली." गोळी नाही म्हणजे विषय संपला! इथे एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी) ६ ते ६.४ टक्के आली की नऊ महिन्यांच्या कोर्सला पाठवतात, काय खायचं, किती चालायचं, कारण या टप्प्यावर गाडी वळवता येते. अमेरिकेतल्या २००२ च्या ट्रायलमध्ये सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम हे टार्गेट होतं, तेवढ्याने डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्के घटलं, गोळीने ३१ टक्केच. आपल्या लोकांवरची ट्रायलही झालीय, २००६ ची, तिथे फायदा कमी, २८ टक्क्यांच्या आसपास, पण तोही काय थोडा नव्हे.

शीत-हुमण, म्हणजे आपला भात आणि माशाची आमटी, सोडा असं कोण म्हणतंय, मी तर मुळीच नाही. फक्त शिताचा डोंगर आणि बाजूला चमचाभर भाजी हे उलटं करायचं. उकडे तांदूळ चांगले म्हणून दोनदा वाढून घेतले, किंवा भुशाची पोळी (गोव्याचा कोंड्याचा पाव) म्हणून चार खाल्ल्या तर मग साध्या पावाने काय घोडं मारलं होतं? आणि तिस्कावर (नाक्यावर) जायला स्कूटर कशाला काढतात तेही मला कळत नाही.

तिशीनंतर शुगर-बीपी सरकारी आरोग्य केंद्रातही बघतात, विचारा जाऊन. काकी जाऊन आली. बाबांचं "चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे" चालूच आहे, उपाशी राहायचा कंटाळा म्हणे, पण एचबीए१सीला उपाशी राहावंच लागत नाही, तेव्हा मी इथूनच लॅबवाल्याला फोन केलाय, सोमवारी घरी येऊन रक्त नेणार आहे.